अकरा दारांचा एक नंबर

मारोतराव नंबरवाल्यांनी उभ्या नोकरीत एकच नंबर चुकवला होता, आणि ते त्यांच्याशिवाय रायपुरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नाही. सहा वर्षं मी त्यांना दर रविवारी भेटत होते, स्कूटीवर मागे बसवून अर्धं शहर फिरवत होते, आणि मला वाटायचं की हा माणूस चुकतच नाही. शहरातल्या पुष्कळ गरिबांनाही तसंच वाटायचं. त्यांची कामं त्या वाटण्यावरच चालायची, म्हणून पुढे जे झालं ते इतकं अवघड झालं.

त्यांना जाऊन आता दीड वर्ष होईल. पण चौबे कॉलनीतल्या माझ्या घरून त्यांच्या तात्यापाऱ्याकडे निघाले की माझी नजर अजून जुन्या दारांच्या चौकटींवर जाते. डाव्या अंगाला, वरच्या कोपऱ्याच्या चार बोटं खाली. नंबर तिथेच असायचा. "उजव्या अंगाले माणसाचा हात लागते, नंबर घासून जाते," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी जन्मापासून रायपुरात आहे, हजारो दारांतून आत-बाहेर केलं असेल, पण डाव्या चौकटीकडे पाहायची बुद्धी मला त्यांनी दिली.

ते कमेटीत होते. कमेटी म्हणजे नगरपालिका. जुनी माणसं अजून तसंच म्हणतात. घरांची गिनती निघाली की हातात काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन दारोदार नंबर घालायचे, हे त्यांचं काम. रजिस्टर लिहायला सोबत एक साहेब असायचा. पण मारोतरावांचं अक्षर चांगलं आहे असं दिसल्यावर साहेबानं रजिस्टरही त्यांच्याच हातात दिलं आणि तो सावलीत बसायला लागला. मारोतरावांच्या नोकरीत शहराचे नंबर तीनदा बदलले. कुठला जुना नंबर आज कुठे आहे हे कुठल्याही कागदावर सलग लिहिलेलं नाही. ते फक्त त्यांच्या डोक्यात होतं.

म्हणून लोक त्यांच्याकडे यायचे. तात्यापाऱ्यात मुलाच्या घराबाहेर एक दगडी ओटा होता, त्यावर रविवारी सकाळी ते बसायचे आणि समोर रांग लागायची. मोठ्या घरच्यांना आपला पत्ता शोधावा लागत नाही, गल्लीला त्यांचंच नाव असतं. रांगेत असायचे ते हमालांचे, टांगेवाल्यांचे, विड्या वळणाऱ्यांचे आणि डोक्यावरून विटा वाहणाऱ्या रेजांचे नातू-पणतू. हातात आजोबाचं जुनं राशन कार्ड, इस्पितळाची चिठ्ठी, एखाद्याकडे हमालीचा पितळी बिल्ला. कुणाला सरकारी दाखल्यासाठी पत्ता हवा असायचा, कुणाला नुसतं कळायला हवं असायचं. मारोतराव कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे,

"आजीचं नाव?"

बहुतेकांना ते सांगता यायचं नाही. आजोबांचं यायचं, पणजोबांचं यायचं, आजी म्हणजे नुसती आजी. मग मारोतराव भडकायचे. "काहून आला मंग? जाय, घरी विचारून ये. बाबूलोक बापाचं नाव लिहिते. पण पाऱ्यात, मोहल्ल्यात, घर बाईच्या नावानं ओळखते. मले बाई सांग, मी तुले घर सांगतो." मंत्रालयातून आलेल्या एका साहेबाला त्यांनी याच कारणासाठी दोनदा परत पाठवला होता, आणि तो बिचारा तिसऱ्या रविवारी आजीचं नाव हाताच्या तळव्यावर लिहून आला होता.

माझी त्यांची गाठ पडली ती आमच्या घराण्याच्या हौसेपायी. आमचे थोरले काका नागपूरला असतात. निवृत्तीनंतर त्यांनी कुलवृत्तांत लिहायला घेतला. भोसल्यांच्या राजवटीत आमचं घराणं इकडे आलं आणि माझे पणजोबा रायपुरात एका मोठ्या घरी दिवाणजी होते, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. काकांना एक जुनं पोस्टकार्ड सापडलं, त्यावर पत्ता होता. त्यांनी मला फर्मान काढलं की दिवाणजींचं घर शोध आणि फोटो पाठव. उंटावरून शेळ्या हाकण्यात काकांचा हात कोणी धरणार नाही.

मारोतरावांनी पोस्टकार्ड पाहिलं. चौऱ्याऐंशी, मग तिरपी रेघ, मग तीन. ते हसले.

"पोट्टे, दिवाणजी बट्यात नाई राहत."

पन्नाशीला टेकलेल्या बाईला पोट्टी म्हणणारा तो शेवटचा माणूस. मोठ्या घराला एक नंबर असायचा आणि त्याच्या आवारात नोकरांच्या ज्या खोल्या, त्यांना त्याच नंबराला रेघ मारून बटा एक, बटा दोन असे नंबर दिले जायचे. "बटा एक म्हणजे स्वैपाकी, तो जवळ पायजे. बटा दोन पाणी भरनारा. बटा तीन कोपऱ्यात, घोड्याजवळ."

त्यांनी मला तिथे नेलं. आता तिथे फोटोकॉपीचं दुकान आहे, पण चौकट सागाची होती आणि जुनीच होती. त्यांनी खिशातून एक गुळगुळीत झालेलं जुनं नाणं काढलं आणि डावीकडचा रंग हलके हलके खरवडायला लागले. आधी हिरवा निघाला, मग निळा, मग पिवळा. दुकानदार ओरडत होता, त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी काळी तिरपी रेघ दिसली आणि तिच्याखाली तीन.

म्हणजे आमचे पणजोबा घोड्यांचे मोतद्दार होते. चारा घालणं, खरारा करणं, लीद काढणं. काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला काय कळतं!" छापलेल्या कुलवृत्तांतात पणजोबा 'अश्वविभागाचे प्रमुख' आहेत. माझे बाबा मात्र म्हणाले, "आजोबा झोपेत घोड्याशी बोलायचे असं आई सांगायची. आम्ही समजत होतो, दिवाणजींना शौक असेल." मला त्या दिवशी फार हलकं वाटलं, खरं सांगते. दिवाणजींची पणती म्हणून मिरवताना आतून काहीतरी टोचायचं, ते थांबलं.

त्यानंतर मी रविवारी जायलाच लागले. नव्या रायपुरात आठवडाभर फायली हलवणाऱ्या बाईला एक दिवस असं काहीतरी हवं होतं, ज्याच्या शेवटी कुठलं तरी दार निघतं. मारोतरावांनाही स्कूटी मिळाली. ते मागे बसले की उजव्या हाताच्या बोटानं स्वतःच्या मांडीवर आकडे गिरवत राहायचे. कुठलंही घर गेलं की त्याचे तिन्ही नंबर मागून ऐकू यायचे. लोकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. "तो दोनशे बारावाल्याचा नातू" असं म्हणायचे. फ्लॅटांचा त्यांना तिटकारा होता. "हे घराचे नंबर नाई, पेटीचे नंबर आहे," म्हणायचे.

गोल बाजारातली एक गोष्ट सांगते. भांड्यांच्या दुकानाचा एक मालक आजोबांचा हमालीचा बिल्ला घेऊन आला होता. आजोबांच्या परवान्यावर पत्त्याच्या जागी नुसता एक नंबर होता, ते घर त्याला कुठेच सापडत नव्हतं. मारोतराव त्याला त्याच्याच दुकानासमोर घेऊन आले आणि दुकानापुढचा दगडी चबुतरा दाखवला. "हे घर. नऊ हमाल झोपत इथं. साहेब म्हणे, चबुतऱ्याले नंबर नाई देता येत. मी म्हटलं, साहेब, मंग या नऊ माणसायले कुठं लिहू? दिला नंबर. गिनतीत घर नाई तं माणूस नाई, बापा." तो मालक पांढऱ्याशुभ्र कपड्यांत त्या चबुतऱ्यावर बसला. गिऱ्हाईकं आली, नोकर हाका मारत होता, तो हातानं थांबा म्हणत होता. आम्ही निघालो तेव्हाही तो बसूनच होता.

असा हा माणूस. दगडाला नंबर देणारा.

पण दोन गोष्टी मला कळत नव्हत्या. एक म्हणजे, शहराच्या एका भागातून ते मला स्कूटी नेऊ द्यायचे नाहीत. तिथे आता कपड्यांचं मोठं दुकान आहे आणि त्याच्या बाजूला गाड्या लावायची मोकळी जागा. तो रस्ता आला की मागून खांद्यावर हात पडायचा, "इकडून नको, फिरून घे." मी दोन किलोमीटर फिरून घ्यायची. दुसरी गोष्ट त्यांच्या सुनेनं, मीनानं, सांगितली. "ताई, बाबा दुपारी झोपतच नाहीत. बारा वाजले की दार उघडून चौकटीत जाऊन उभे राहतात. मी म्हणते, बाबा, लू लागेल. तर म्हणतात, लोक आले आहेत. बाहेर पाहते तर कुत्रंसुद्धा नसतं." मी म्हटलं, वय झालं. मीना म्हणाली, "वय आत्ता झालं ना. माझं लग्न झालं तेव्हापासून हेच पाहतेय."

मग एका रविवारी सरिता नेताम आली.

एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. नर्सिंगला नंबर लागला होता, पण जातीचा दाखला अडला होता. ही गोंडाची, आदिवासी मुलगी. घराण्याचा जुना कागद म्हणून तिच्या बापानं धडपडून कमेटीच्या जुन्या घर-रजिस्टरातल्या एका पानाची नक्कल काढली, आणि तिथेच घात झाला. त्या पानावर तिच्या पणजोबाचं नाव होतं, दुकालू. पण तो एका केंवट, म्हणजे नावाडी जातीच्या, बाईचा मुलगा म्हणून लिहिलेला होता. कचेरीतले साहेब म्हणाले, केंवट बाईचा मुलगा गोंड कसा होईल? पुढच्या महिन्याच्या अखेरीला प्रवेशाची मुदत संपत होती.

मारोतरावांनी सवयीनं विचारलं, "आजीचं नाव?"

"दादी फुलबासन. अउ परदादी मंगली," मुलीनं एका दमात सांगितलं. दुसरं कोणी असतं तर मारोतराव खूश झाले असते. त्यांनी नक्कल हातात घेतली, लांब धरली आणि मग जवळ आणली. मांडीवर गिरवणारं बोट थांबलं. कागद त्यांनी तिच्या हातात परत दिला.

"हे माझ्यानं नाई होत, बेटी. तू जाय."

उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. रांग बाहेर उभी होती. मुलगी माझ्याकडे पाहायला लागली. मी तिचा फोन नंबर लिहून घेतला आणि रांगेला घरी जायला सांगितलं. मला राग आला होता. आत जाऊन मी म्हटलं, "काका, हे शोभत नाही तुम्हाला. पोर रडवेली होऊन गेली."

ते खाटेवर बसले होते. म्हणाले, "ते अक्षर माझं आहे."

मग त्यांनी सांगितलं. मीना दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या नवऱ्यालासुद्धा हे कधी सांगितलं नव्हतं.

"धानाच्या मिलच्या मांगं अकरा झोपड्यांची लाईन होती. मिलवर काम करनारे लोक. तेव्हा मे महिना होता, मी तेवीस-चोवीस वर्षांचा. डब्यात रंग तळाले गेल्ता. भिंती मातीच्या, अन् तिथल्या बाया दर दिवाळीले छुहीनं, पांढऱ्या मातीनं, भिंती पोतत. माझे मांगचे अकराही नंबर छुहीखाली गेल्ते. मी म्हटलं, लिहून काय फायदा, पुन्हा पुसतीनच. पहिल्या दारात बिसाहिन मुर्रा, मुरमुरे, भाजून राहिली होती. केंवटीन, म्हातारी, एकटी. तिनं मले पाण्यातला भात दिला, बासी म्हणते ना, त्याच्यावर कांदा. उन्हाचा जीव थंड झाला. मी रजिस्टर उघडलं तं हसली. म्हणे, काबर अतका लिखथस बेटा, सब मोरेच लइका आँय. इतकं काहून लिहून राहिला, सगळे माझेच लेकरं आहे."

मीनानं पाणी दिलं, ते त्यांनी खाली ठेवलं.

"दुसरं काई नाई, पोट्टे. मले अकरा दारं वाजवाचा कंटाळा आला. तिच्या तोंडची गोष्ट मी जशीच्या तशी लिहून टाकली. एक नंबर. मुखिया बिसाहिन, जात केंवट. अन् दहा घरचे सगळे लोक तिचे पोरं, सुना, नातू. नावं तिनंच सांगितले, मी बसल्या जागी लिहिले. गोंड, तेली, सतनामी, सगळे एका चुलीवर बसवले. मातीच्या भिंतीवर एक नंबर घातला अन् घरी आलो."

"कोणाला कळलं नाही?"

"चार-पाच वर्षांनी कळलं. रस्ता निघाला, लाईन तोडली. हुकूम असा का ज्याचा नंबर त्याले बस्तीबाहेर जागा. नंबर एक, जागा एक. बिसाहिनले भेटली. चाळीस-बेचाळीस माणसं एका खोलीयेवढ्या जागेवर कसे राहतीन? कोणी वीटभट्टीवर गेलं, कोणी नागपूरकडे गेलं, कोणाचा पत्ताच नाई. मंग बिसाहिन कमेटीत आली मले शोधत. तीन दिवस आली. मी रंगाच्या कोठीत जाऊन बसलो, डब्यांच्या मांगं. चपराशाले म्हटलं, सांग का नाई आहे म्हणून. खोटं लिहिलं म्हटलं असतं तं नोकरी गेली असती, लग्न ठरून राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी ती चपराशाले म्हणे, मी कोठीतून ऐकलं, ओला कहिबे, मैं रिसाए नइ हँव. एक बेर फेर लिख दे."

त्याला सांग, मी रागावलेली नाही. एकदा पुन्हा लिहून दे.

"शिवी दिली असती तं विसरलो असतो," मारोतराव म्हणाले. "बारा वाजता येते ते सगळे. लाईनीनं उभे राहते. बोलत काई नाई. मी दारात जातो, अजून काय करू?"

मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. साठ वर्षं हा माणूस लोकांचे पत्ते शोधत हिंडला, चबुतऱ्याला नंबर दिल्याची गोष्ट सांगत राहिला, आणि ती अकरा दारं तोंडातून काढली नाहीत. पण मी स्वतः काय केलं तेही सांगायला हवं. मी सरकारी बाई. मला लगेच पुढचं दिसलं. या माणसाच्या शब्दावर किती जणांचे कागद उभे आहेत! याने एकदा कबूल केलं की मी रजिस्टरात खोटं लिहिलं, तर उद्या प्रत्येक खिडकीवर म्हणतील, बाकीचंही खोटं असेल. मी म्हटलं, "काका, थांबा. दुसरा कागद शोधू."

तीन आठवडे शोधला. दुकालू शाळेत गेला नव्हता. इस्पितळात गेला असेल तर नाव नव्हतं. जिथे त्याला जाळलं तिथली पावती नव्हती. त्या माणसाच्या जगण्याचा एकच कागद होता, आणि तो मारोतरावांनी लिहिलेला होता. सरिता दर दोन दिवसांनी फोन करायची, "दीदी, कुछ मिला?" मी म्हणायचे, मिळेल. मला माझी लाज वाटायला लागली होती.

चौथ्या सोमवारी मी ऑफिसला निघाले तर फाटकाशी मारोतराव. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. चौबे कॉलनीपर्यंत चालत आले होते. "तुयी नोकरी तू कर. मले फक्त कचेरीत सोडून दे," म्हणाले. मी रजा टाकली.

साहेब तरुण होते आणि सभ्य होते. त्यांनी म्हाताऱ्याला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत विचारलं, "बाबा, आप कह रहे हैं कि सरकारी रजिस्टर में आपने गलत लिखा?"

"हव."

"तो बाकी जो कुछ आपने लिखा है, वो सही है, ये हम कैसे मानें?"

मला हाच प्रश्न नको होता. मारोतराव जराही अडखळले नाहीत. म्हणाले, "मत मानिए, साहब. हर दरवाजे पे जाके देखिए. मैं नहीं गया था."

जबाब लिहून घेतला गेला. साहेब म्हणाले, नुसत्या जबाबावर होणार नाही, जागेवर जाऊन पंचनामा करू, वस्तीतली दोन म्हातारी माणसं साक्षीला आणा. ती सरिताच्या बापानं आणली.

मला जी भीती होती तीही खरी ठरली. असल्या गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. दोनच आठवड्यांत खिडक्यांवर "वो नंबरवाले बाबा का मत लाना" म्हणायला लागले. ओट्यापुढची रांग चार-पाच जणांवर आली. एक माणूस तर मुद्दाम येऊन तोंडावर बोलून गेला, "तुमच्या एका घरासाठी आमची सगळ्यांची माती केली." मारोतरावांनी मान डोलावली. ते तसेच रविवारी ओट्यावर बसायचे, मांडीवर आकडे गिरवत. दुपारी चौकटीत उभं राहणं मात्र सुटलं नव्हतं. मला वाटलं होतं की आता सुटेल.

सरिताला दाखला मिळाला. मुदतीला दोन दिवस उरले असताना तो हातात पडला आणि ती आता शिकते आहे. पण तोवर मारोतराव गेले होते. पंचनाम्यानंतर आठव्या दिवशी, सकाळी चहा पिताना. मला नेमकं तेव्हाच कामासाठी बिलासपुरला जावं लागलं होतं, त्यामुळे पंचनाम्याच्या दिवशी पाहिले तेच शेवटचे.

तो दिवस असा होता. कपड्यांच्या दुकानाच्या बाजूची ती मोकळी जागा, दुपारचे साडेबारा, फरशीवर ऊन आणि गाड्यांच्या ओळी. कचेरीतून एक निरीक्षक आले होते, सोबत दोन साक्षीदार, सरिता, तिचा बाप आणि मी. निरीक्षकांनी विचारलं, दुकालूचं घर कुठे होतं? मारोतराव म्हणाले, "असं नाई सांगता येत. मोजत या लागते." ते लांबच्या टोकाला गेले, भिंतीजवळ, आणि म्हणाले, हे अकरावं. मग फरशीकडे तोंड करून, जिथे एक मोटरसायकल उभी होती, त्यांनी खणखणीत आवाजात हाक मारली,

"घर म कोन-कोन हव?"

घरात कोण कोण आहे? आम्ही सगळे दचकलो. दुकानाचा गार्ड वळून पाहायला लागला. मारोतराव थांबले. आतून माणूस उठून दाराशी येईल इतका वेळ थांबले. मग घरच्या बाईचं नाव घेतलं, निरीक्षकांना लिहा म्हणाले, आणि सात पावलं टाकून पुढच्या जागेवर गेले. पुन्हा तीच हाक. पुन्हा थांबले. साक्षीदारांपैकी एक म्हातारा मानेनं होकार देत होता, त्याचे डोळे वाहत होते. निरीक्षक आधी घाई करत होते, तीन दारं झाल्यावर त्यांनी घड्याळ पाहणं सोडलं.

अकरापासून उलट मोजत आलेल्या सातव्या दाराच्या जागी एक पांढरी गाडी उभी होती. मारोतरावांनी हाक मारली, "घर म कोन-कोन हव?"

"हमन हन, बबा," सरिता म्हणाली. आम्ही आहोत. तिनं कोणाला विचारलं नव्हतं, तिला कोणी सांगितलं नव्हतं. गाडीच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि नावं सांगायला लागली, दुकालूपासून स्वतःपर्यंत. मारोतराव एकेका नावाला "हव" म्हणत होते. त्यांचा आवाज फुटला तरी ते "हव" म्हणत राहिले. निरीक्षकांनी सगळी लिहून घेतली आणि म्हणाले, झालं, मला एवढंच पाहिजे होतं, चला.

"अजून सहा दारं आहे," मारोतराव म्हणाले.

निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं काम संपलं होतं, त्यांना जायचं होतं. ते, साक्षीदार आणि सरिताचा बाप सह्या करायला रस्त्यापलीकडच्या झाडाखाली गेले. सरितालाही सही करायची होती. मी फाटकापर्यंत गेले आणि थांबले. मारोतराव एकटेच पुढे सरकत होते. सात पावलं, हाक, थांबणं. सात पावलं, हाक, थांबणं. उत्तर कुठूनच येत नव्हतं.

पहिल्या, बिसाहिनच्या दाराच्या जागी पार्किंगची तिकिटं फाडणाऱ्याची टपरी आहे. तिच्यासमोर ते आले तेव्हा त्यांनी हाक मारली नाही. चपला काढल्या. तापलेल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले आणि हळू म्हणाले, इतकं हळू की मला फाटकातून जेमतेम ऐकू आलं, "दाई, मैं आ गेंव."

मी आलो, आई.

टपरीतला माणूस गोंधळून बाहेर आला. गार्डनं दोनदा शिटी वाजवली. पलीकडून निरीक्षक मला हाका मारत होते, माझी सही राहिली होती. मी गेले, सही केली, आणि परत वळून पाहिलं तर मारोतराव तिथेच, हात जोडून, दार उघडायची वाट पाहत होते.